घटक ५ : प्रादेशिक इतिहासाचा वक्ता – नांदेड व लातूर परिसराच्या संदर्भात

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला :
• प्रादेशिक इतिहास-संस्कृतीवरील व्याख्यानाचे वेगळेपण सांगता येईल.
• मराठवाड्यातील व्याख्यानपरंपरेची पार्श्वभूमी स्पष्ट करता येईल.
• लिखित पुरावा, अनुमान आणि आख्यायिका यांत फरक करून प्रत्येकाविषयी योग्य शब्दांत बोलता येईल.
• १९४८ सारख्या नाजूक विषयावर जबाबदारीने कसे बोलावे, हे सांगता येईल.
• आपल्या गावाविषयीच्या वीस मिनिटांच्या व्याख्यानाचा आराखडा तयार करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, १७ सप्टेंबर जवळ आला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शाळा, ग्रंथालये आणि ग्रामपंचायती वक्त्याच्या शोधाला लागतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनानंतर ‘दोन शब्द’ सांगणारे कोणीतरी हवे असते. पुढे गणेशोत्सव येतो, हिवाळ्यात एखादी व्याख्यानमाला असते, गावची यात्रा असते. दर वेळी शहरातून नामवंत वक्ता येतोच असे नाही. बहुधा गावातलाच एखादा शिक्षक, ग्रंथपाल, निवृत्त कर्मचारी किंवा मराठी घेऊन पदवीचा अभ्यास करणारा तुमच्यासारखा विद्यार्थी उभा राहतो.

साहित्यावर बोलणाऱ्या वक्त्याच्या श्रोत्यांनी ती कादंबरी वाचलेली असते किंवा नसते. प्रादेशिक इतिहासावर बोलणाऱ्याच्या समोर मात्र त्या इतिहासाचे वारसच बसलेले असतात. ज्या घराची झडती झाली त्या घरातील नातू, ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या शेती केली त्या कुटुंबातील सून, ज्या दर्ग्याचा उरूस सांगायचा तेथील खादिमाचा मुलगा, असे सारे एकाच सतरंजीवर असतात. वक्ता चुकीचे बोलला तर ते त्यांना खुपते. अर्धे बोलला तर त्यांच्यातील कोणीतरी वगळला जातो. म्हणून या वक्त्याचा पहिला गुण ओघवती वाणी हा नसून, आपल्याला काय माहीत आहे आणि ते किती खात्रीने माहीत आहे याचे भान हा आहे. हेच या घटकाचे मध्यवर्ती सूत्र होय.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ मराठवाड्यातील व्यासपीठाची पार्श्वभूमी

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात सार्वजनिक सभा आणि व्याख्याने हळूहळू नित्याची बनली. मराठवाड्याची स्थिती वेगळी होती. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे जाहीर सभेसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागत असे. कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. मराठीतून चारचौघांत बोलणे हीच येथे मिळवावी लागणारी गोष्ट होती.

त्यामुळे येथील व्यासपीठ आडवाटेने उभे राहिले. खाजगी मराठी शाळा, वाचनालये, गणेशोत्सवातील मेळे, कीर्तने यांतून लोक बोलू लागले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५० साली नांदेडमध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वामीजींचेच नाव देण्यात आले. या परिसरात शिक्षणसंस्था आणि व्यासपीठ यांचे नाते इतके निकटचे का आहे, हे या क्रमावरून ध्यानात येते.

५.२.२ प्रभावी वाणी आणि जबाबदार वाणी

उत्तम वक्तृत्व म्हणजे चांगले कार्य, असा एक सोपा समज असतो. लातूरचाच इतिहास तो खोडून काढतो. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे. १९४६ नंतर मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रे त्याच्याकडे आली आणि त्याच्या जहाल भाषणांनी संस्थानातील वातावरण पेटले. वाणीचा प्रभाव हाच वक्त्याच्या थोरवीचा निकष मानला, तर त्यालाही यशस्वी वक्ता म्हणावे लागेल.

त्याच काळात हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान हे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक होते. संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या करण्यात आली. दोघांचा धर्म एक होता, भाषा एक होती आणि संस्थानही एकच होते. फरक होता तो श्रोत्याला किंवा वाचकाला काय मानले यात. एकाने समूहाला भय आणि अभिमान यांच्या जोरावर हलविले. दुसऱ्याने वाचकाच्या विवेकावर विश्वास ठेवला.

मुक्तिसंग्रामावर बोलताना ही दोन्ही नावे एकत्र घेणारा वक्ता क्वचित आढळतो. केवळ पहिले नाव घेतले की संघर्ष दोन धर्मांतला वाटू लागतो. दोन्ही घेतली की तो राजेशाही आणि लोकांचे राज्य यांच्यातला होता, हे श्रोत्यांच्या आपोआप लक्षात येते. उदाहरणाची निवड हीच वक्त्याची भूमिका असते.

५.२.३ वक्त्याची जडणघडण : दोन उदाहरणे

नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचा जन्म सध्याच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूरचा. त्यांचे औपचारिक शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक होते. पुढे एम.ए. होऊन ते पीपल्स कॉलेजात अध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. इतिहास, राजकारण, साहित्यशास्त्र, धर्मग्रंथ अशा अनेक विषयांवर ते महाराष्ट्रभर बोलले. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीस प्रस्तावना म्हणून जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र आजही स्वतंत्रपणे अभ्यासले जाते. मनुस्मृतीवरील त्यांची व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने आली. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले.

कुरुंदकरांपासून शिकण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे विषयाची मांडणी प्रश्नाच्या रूपात करणे. ‘अमुक राजा थोर होता’ असे विधान करून त्याचे गुणवर्णन करणे सोपे असते. त्याऐवजी ‘तो थोर का मानला गेला आणि ते मानणारे कोण होते?’ असा प्रश्न ठेवला की श्रोता विचारात सहभागी होतो. ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ हे त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक पाहा. एका घटनेत दोन क्रिया आहेत, सुटका आणि विलीनीकरण, हे शीर्षकच सुचवते.

सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांचा जन्म निलंग्याचा. हैदराबाद संस्थानाच्या प्रशासकीय सेवेत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषांचा अभ्यास केला आणि फारसी साधनांच्या आधारे मराठ्यांच्या इतिहासावर विपुल लेखन केले. त्यांच्या उदाहरणातून दुसरी गोष्ट शिकता येते : या प्रदेशाचा इतिहास एका भाषेत मावत नाही. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, शहरांच्या जुन्या वस्त्यांत दखनी, असा हा मुलूख आहे. या सर्व भाषा तुम्हांला येणे अपेक्षित नाही. परंतु त्या बोलणाऱ्यांकडे विचारणा करण्याची तयारी अपेक्षित आहे.

आपली प्रगती तपासा – १
अ) निजामी राजवटीत मराठी व्यासपीठ कोणत्या माध्यमांतून वाढले?
आ) रझवी आणि शोएबुल्ला खान यांची नावे एकत्र घेतल्याने काय साधते?

५.२.४ साधने आणि खात्रीचे प्रमाण

व्याख्यानाची तयारी करताना प्रत्येक माहितीपुढे एक खूण करा : पुरावा, अनुमान की आख्यायिका. तिन्हींना व्याख्यानात जागा आहे. मात्र तिन्हींसाठी क्रियापदे वेगळी आहेत. पुराव्यासाठी ‘आहे’, ‘घडले’. अनुमानासाठी ‘असे संशोधक मानतात’. आख्यायिकेसाठी ‘असे लोक सांगतात’.

नांदेडचे नाव घ्या. शंकराच्या नंदीने गोदावरीच्या तटावर तप केले म्हणून ‘नंदीतट’ आणि त्यावरून नांदेड, असे लोक सांगतात. ही आख्यायिका आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम येथे सापडलेल्या, चौथ्या शतकातील ताम्रपटात ‘नांदीकड’ हे नाव येते. हा पुरावा आहे. नांदीकड म्हणजेच आजचे नांदेड, हे संशोधकांनी काढलेले अनुमान आहे. तिन्ही गोष्टी सांगता येतात. परंतु ‘ताम्रपटात नंदीच्या तपाचा उल्लेख आहे’ असे कोणी म्हटले, तर पुरावा आणि आख्यायिका यांची सरमिसळ झाली.

लातूरचेही तसेच. राष्ट्रकूट राजांच्या लेखांत ‘लट्टलूर’ नगराचे स्वामी अशा अर्थाचे बिरुद येते. हे लट्टलूर म्हणजे लातूर, असे अ. स. अळतेकर यांच्यासह अनेक अभ्यासकांनी मानले आहे. तेव्हा ‘राष्ट्रकूट आपले मूळ लट्टलूरशी जोडत’ हे विधान निःशंकपणे करावे आणि ‘ते लट्टलूर हेच आपले लातूर, असे अभ्यासक मानतात’ हे वाक्य स्वतंत्र ठेवावे. श्रोत्यांचा आनंद याने कमी होत नाही. उलट, त्यांच्या गावाचे नाव किती जुन्या लेखांत शोधले जाते हे त्यांना कळते.

याशिवाय तीन ठिकाणी वक्त्याने विशेष सावध राहावे.

पहिले, जिल्ह्यांच्या सीमा. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी तो उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. निजामी काळात तर उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९४८ च्या घटना सांगताना ‘लातूर जिल्ह्यात असे घडले’ असे न म्हणता ‘आजच्या लातूर जिल्ह्यातील अमुक गावी’ असे म्हणावे. बीदरच्या कागदपत्रांत निलंग्याची माहिती का सापडते, हेही मग श्रोत्यांना उमजते.

दुसरे, नामसाधर्म्य. बिलोली परिसरातील हुतात्मा गोविंदराव पानसरे यांची हत्या २९ ऑक्टोबर १९४६ रोजी अर्जापूर येथे झाली. कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरे यांचा मृत्यू फेब्रुवारी २०१५ मधील हल्ल्यानंतर झाला. केवळ ‘गोविंद पानसरे’ म्हटल्यास तरुण श्रोत्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. गाव आणि साल यांसह नाव घेण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरे, कालगणना. निजामी काळातील जमिनीच्या व इनामाच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळविल्यास साधारणतः इसवी सन येतो. वर्षारंभातील फरकामुळे एका वर्षाचा फरक पडू शकतो; म्हणून अशा तारखेच्या आधी ‘सुमारे’ हा शब्द वापरावा. घरोघरी जपलेले मुंतखब, जुन्या पाहणीच्या नकला हे मौल्यवान पुरावे आहेत. ते उर्दूत असल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावेत आणि मूळ कागद घरमालकाकडेच राहू द्यावा.

५.२.५ नाजूक विषय : १९४८

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. या घटनेला तीन नावे आहेत. शासकीय भाषेत ती ‘पोलीस कारवाई’, मराठवाड्याच्या स्मृतीत ‘मुक्ती’ आणि हैदराबादच्या काही उर्दू लेखनात ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव. तीन नावे म्हणजे तीन अनुभव.

कारवाईपूर्वी रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ आणि हत्या यांच्या आठवणी गावोगाव आहेत. त्या स्पष्ट शब्दांत सांगितल्याच पाहिजेत. ज्यांनी ते सोसले त्यांच्यावर मौनाने अन्याय होतो. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर अनेक ठिकाणी मुस्लिम कुटुंबांवर सूडाचे हल्ले झाले, हेही तितकेच खरे. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानाचा दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे तिने नोंदविले आणि संपूर्ण संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. हा अहवाल दीर्घकाळ प्रकाशात आला नव्हता.

दुसरा भाग सांगितल्याने मुक्तिसंग्रामाचे मोल कमी होते काय? होत नाही. स्टेट काँग्रेसची मागणी लोकांच्या राज्याची होती. निरपराध शेजाऱ्यावरील सूड त्या मागणीत कोठेही बसत नव्हता. म्हणून ज्या मूल्यासाठी लढा झाला त्याच मूल्याच्या कसोटीवर पुढील घटना तपासणे, हाच त्या लढ्याचा सन्मान होय. असे बोलताना तीन पथ्ये पाळावीत : कृत्य करणाऱ्यांचा उल्लेख संघटना म्हणून करावा, समाज म्हणून नव्हे; हयात कुटुंबांची नावे त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत; आणि आकडा सांगितला की तो कोणाचा अंदाज आहे हे सांगावे.

५.२.६ व्याख्यानाची बांधणी

वीस मिनिटांच्या व्याख्यानात एकच प्रश्न आणि तीन मुद्दे पुरेसे असतात. पुढील आराखडा नमुन्यादाखल पाहा.

विषय : आपला उदगीरचा किल्ला
प्रश्न : एका किल्ल्याला किती इतिहास असतात?
• पहिली ५ मिनिटे – श्रोत्यांना परिचित असलेल्या जागेपासून प्रारंभ : किल्ला, तट, त्याविषयी सांगितली जाणारी एक आख्यायिका (‘लोक सांगतात’ या शब्दांसह).
• पुढील ७ मिनिटे – पुराव्याचा भाग : १७६० ची उदगीरची लढाई. सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. पुढच्याच वर्षी पानिपत घडले.
• पुढील ५ मिनिटे – आजच्याशी नाते : सीमेवरील बहुभाषिक शहर, एप्रिल २०२२ मध्ये येथे भरलेले ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन.
• शेवटची ३ मिनिटे – श्रोत्यांना विचारणा : तुमच्या घरी या शहराविषयीचा कोणता कागद, कोणती आठवण आहे?

शेवटचा टप्पा वगळू नका. गावातील व्याख्यान हा संशोधनाचाही एक मार्ग असतो. व्याख्यान संपल्यावर एखादी आजी पुढे येऊन ‘तसं नव्हतं बाबा, माझी सासू येगळंच सांगायची’ असे म्हणते, तेव्हा वाद घालू नये. वही काढावी, नाव-गाव-दिनांक लिहावा आणि ‘सासूबाई नेमके काय सांगायच्या?’ असे विचारावे. स्मृतीत तारीख चुकू शकते. परंतु भीती, भूक आणि कोणी कोणाला आसरा दिला हे सहसा दुसरीकडे नोंदलेलेच नसते.

भाषेविषयी एक उदाहरण घेऊ.
मूळ वाक्य : ‘आपल्या शूर गावाने एका रात्रीत निजामाला पळवून लावले.’
सुधारित वाक्य : ‘१९४८ साली आपल्या गावातील काही तरुण सीमेवरील शिबिरात गेले होते, असे त्यांची कुटुंबे सांगतात, त्यांपैकी दोघांची नावे शाळेतील फलकावर आहेत.’
पहिल्या वाक्याला टाळ्या मिळतील, पण ते कोणत्याही गावाला लागू पडते. दुसरे त्या एकाच गावाचे आहे. अर्थात, फलकावरील नावे स्वतः वाचून आल्याशिवाय ते उच्चारता येणार नाही.

आपली प्रगती तपासा – २
अ) ‘पुरावा’, ‘अनुमान’ व ‘आख्यायिका’ यांचे नांदेडच्या नावाच्या संदर्भात प्रत्येकी एक उदाहरण द्या.
आ) नाजूक विषयावर बोलताना कोणती तीन पथ्ये पाळावीत?

५.३ सारांश

प्रादेशिक इतिहासाचे व्याख्यान हे त्या इतिहासाच्या वारसांसमोर दिले जाते. म्हणून वक्त्याची जबाबदारी वाढते. निजामी राजवटीत मराठी व्यासपीठ शाळा, वाचनालये आणि उत्सव यांच्या आधाराने घडले. कुरुंदकरांकडून प्रश्नरूप मांडणी, तर पगडींकडून बहुभाषिक साधनांची दृष्टी घेता येते. पुरावा, अनुमान व आख्यायिका यांसाठी वेगळी शब्दयोजना करावी. १९४८ विषयी बोलताना दोन्ही बाजूंची वेदना सांगण्याचे धैर्य हवे आणि निकष लोकांच्या राज्याचा हवा. व्याख्यानाचा शेवट श्रोत्यांना बोलते करण्यात व्हावा.

५.४ पारिभाषिक शब्द

ताम्रपट – दानादी राजाज्ञा कोरलेला तांब्याचा पत्रा.
बिरुद – राजाने धारण केलेली गौरवपर पदवी.
फसली सन – महसुली कामासाठी वापरला जाणारा कालगणनेचा सन.
मुंतखब – इनाम-वतनाच्या हक्काविषयीचा निजामी काळातील दस्तऐवज.
आख्यायिका – पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी, पुराव्याने सिद्ध न झालेली कथा.

५.५ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरसूत्रे

१. अ) खाजगी मराठी शाळा, वाचनालये, गणेशोत्सवातील मेळे, कीर्तने. आ) संघर्ष दोन धर्मांतला नसून राजेशाही व लोकांचे राज्य यांच्यातला होता हे स्पष्ट होते.
२. अ) वाशीम ताम्रपटातील ‘नांदीकड’ हे नाव, नांदीकड म्हणजे नांदेड हे मत, नंदीच्या तपाची कथा. आ) दोष संघटनेला द्यावा, समाजाला नव्हे; संमतीशिवाय नावे घेऊ नयेत; आकड्यासोबत तो कोणाचा अंदाज आहे हे सांगावे.

५.६ स्वाध्याय व उपक्रम

१. ‘उदाहरणाची निवड हीच वक्त्याची भूमिका असते.’ या विधानाची या घटकाच्या आधारे चर्चा करा. (सुमारे ३०० शब्द)
२. तुमच्या गावाच्या नावाविषयीची माहिती जमवा आणि तिची पुरावा, अनुमान, आख्यायिका अशी विभागणी करा.
३. सत्तरी ओलांडलेल्या तीन व्यक्तींना, शक्यतो वेगवेगळ्या समाजांतील व किमान एक स्त्री असेल अशा रीतीने, भेटा. त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली १९४८ ची एकेक आठवण त्यांच्याच शब्दांत, संमतीने लिहून घ्या. या तीन आठवणींवर आधारित वीस मिनिटांच्या व्याख्यानाचा आराखडा तयार करा आणि तो प्रथम त्या तिघांनाच वाचून दाखवा. ते जेथे थांबवतील ते वाक्य पुन्हा लिहा.